बंदिवासातील शिधा

मनुष्याने एखादे वन्य श्वापद जिवंत धरून आपल्या दारी बांधले की त्याच घटकेपासून त्या श्वापदाची भूकही त्याच्या शिरावर येते, ही गोष्ट वैभवाच्या वर्णनांत सहसा सांगितली जात नाही. कोणत्या राजाने किती सिंह बाळगले, कोणत्या बादशहाच्या स्वारीबरोबर किती चित्ते चालत, कोणाच्या पदरी गेंडे होते, याची वर्णने बखरींत आणि प्रवाशांच्या लेखनात जागोजागी सापडतात. परंतु त्या सिंहापुढे, चित्त्यापुढे आणि गेंड्यापुढे रोज काय येऊन पडे, ते कोण आणी, कोणत्या मापाने मोजी आणि ते खाऊन तो प्राणी तगे की झिजे, हे विचारू गेले म्हणजे दरबाराची दालने सोडून कोठीत, खाटकाच्या ठाण्यावर आणि वैरणीच्या गंजीपाशी जाऊन उभे राहावे लागते. तेथून पाहिले असता प्राणिसंग्रहांचा इतिहास निराळाच दिसू लागतो. राजवटी बदलल्या, पिंजऱ्यांचे घाट बदलले, धनी बदलून राजाच्या जागी नगरपालिका आली. पण या साऱ्या काळात जे खरे स्थित्यंतर घडले ते अन्नाविषयीच्या प्रश्नात घडले. प्रथम मनुष्याने ‘किती’ एवढेच विचारले. पुष्कळ प्राणी गमावल्यावर तो ‘काय’ असे विचारू लागला. आणि ‘कसे’ हा प्रश्न त्याला सुचला तो तर अगदी अलीकडे. या तीन प्रश्नांच्या क्रमानेच हा इतिहास सांगणे मला योग्य वाटते.

‘किती’ हा प्रश्न आपल्याकडे प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तीचा शिधा त्याच्या उंचीवरून ठरवलेला असून तांदूळ, तेल, तूप, मीठ, मांस, दही, मद्य आणि वैरण या प्रत्येकाचे प्रमाण तेथे नोंदून ठेवलेले आहे. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत पीलखाना आणि उष्टरखाना यांच्या जोडीला शिकारखाना होता, म्हणजे श्वापदांची निगा हाही राज्यकारभाराचाच एक विभाग मानला जात होता. पुढे पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत शिकारखाना नांदत असताना त्यातील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने नोव्हेंबर १७९० मध्ये काढले, आणि ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात जपलेले आहे. त्या चित्रावरून गेंड्याची आकृती कळते, चित्रकाराची नजर किती साक्षेपी होती तेही कळते; पण गेंड्याचा आहार काही चित्रातून कळत नाही. त्यासाठी दप्तराकडेच वळावे लागते, आणि पाळलेल्या हिंस्र श्वापदाच्या शिध्याची अतिशय तपशीलवार अशी एक जुनी नोंद आपल्याला मिळते ती मोगल दरबाराची.

अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त बादशाही चित्त्यांच्या शिध्याचे कोष्टकच दिले आहे. चित्त्यांचे आठ वर्ग केलेले असत. पहिल्या वर्गातील चित्त्याला रोज पाच शेर मांस, दुसऱ्याला साडेचार, तिसऱ्याला चार, चौथ्याला पावणेचार, पाचव्याला साडेतीन, सहाव्याला सव्वातीन, सातव्याला तीन आणि आठव्याला पावणेतीन शेर अशी ती नेमणूक होती. अकबराचा शेर आपल्या वाडवडिलांच्या पक्क्या शेराहून बराच लहान असल्यामुळे पाच शेर म्हणजे आजच्या मापाने सुमारे तीन किलो मांस होते, आणि चित्त्यासारख्या सडपातळ जनावराला ते पोटभर होते. मांस एका अखंड तुकड्यात दिले जाई. रविवारी पशुवध बंद असल्यामुळे शनिवारीच दुप्पट वाटणी होई. अंगाला खरूज होऊ नये म्हणून वर्षातून एकदा चार शेर लोणी आणि शेराचा दहावा हिस्सा गंधक लेपासाठी मंजूर होते. एका चित्त्यामागे दोन किंवा तीन माणसे चाकरीला असत आणि त्यांचा मुशाहिरा दरमहा ५ रुपयांपासून ३० रुपयांपर्यंत असे. छटाकाचाही हिशेब ठेवणाऱ्या त्या कारभाराविषयी मनात आदर उत्पन्न होतो यात शंका नाही.

परंतु या कोष्टकाचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. तेथील माप जनावराच्या देहधर्मावरून निघालेले नसून त्याच्या दर्जावरून निघालेले आहे. मनसबदारांच्या जशा पायऱ्या, तशाच चित्त्यांच्या. हत्तींच्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. बादशहाच्या खाशा हत्तींना रोज पाच शेर साखर, चार शेर तूप आणि मिरची, लवंग इत्यादी मसाला घातलेला अर्धा मण भात मिळे. काहींना त्यावर दीड मण दूध मिळे. आणि उसाच्या हंगामात दोन महिने प्रत्येकापुढे दररोज सुमारे ३०० ऊस पडत. गवत, पाला, साली आणि मुळे यांवर अरण्यात दिवसाचा बहुतेक काळ चरणाऱ्या त्या महाकाय प्राण्याच्या पोटाला तूपसाखरेची गरज नव्हती; गरज होती ती धन्याच्या इतमामाला. जनावराला आपल्या पंक्तीचे अन्न वाढले म्हणजे त्याचा गौरव झाला, ही समजूत राजवाड्यांतून निघून पुढे लोकांच्या बागांपर्यंत पोहोचली आणि तिने किती प्राण्यांचे आयुष्य कमी केले याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

तथापि त्या काळच्या चाकरीत काही शहाणपण अनुभवानेच शिरलेले होते. चित्त्याच्या शिकारीचा विधी पाहिला म्हणजे ते दिसते. बैलगाडीवर डोळ्यांवर टोपी चढवून बसवलेला चित्ता काळविटांच्या कळपाजवळ आणीत, टोपी काढून त्याला सोडीत, आणि त्याने नर पाडून त्याचा गळा धरला की चित्तेवान धावत जाऊन त्या काळविटाचा गळा चिरी, वाहते रक्त लाकडी पळीत धरी आणि ती पळी चित्त्याच्या तोंडाशी नेई. रक्त चाटण्याच्या ओढीने चित्ता आपली पकड सैल करी, तेवढ्यात त्याच्या डोळ्यांवर पुन्हा टोपी चढे आणि शिकारीतला त्याचा वाटा, बहुधा एक तंगडी, त्याच्या स्वाधीन केली जाई. आपल्या कोल्हापूर संस्थानात ही विद्या विसाव्या शतकातही जिवंत होती. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर तेथे आफ्रिकेतून चित्ते आणवले गेले आणि चित्तेवानांच्या घराण्यांनी त्यांनाही शिकवून तयार केले. ताजे रक्त, हाडासकट तंगडी आणि ती मिळवण्यासाठी केलेली धाव या तिन्ही गोष्टी त्या चित्त्याला शिकारीच्या दिवशी तरी मिळत, ही जमेची बाजू होती.

इतकी निगा असूनही हे चित्ते बंदिवासात प्रसवत नसत. आपल्या पित्याने हजारभर चित्ते जमवले, त्यांची जोडपी जमावीत म्हणून त्यांना बागांतून मोकळे सोडून पाहिले, पण काही उपयोग झाला नाही, असे जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात नोंदले आहे; आणि एका नराने गळपट्टा सोडवून मादी गाठली व तिला तीन पिले झाली, ही हकीकत तो नवल म्हणूनच सांगतो. त्यानंतर चित्त्याच्या बंदिवासातील प्रसूतीची विश्वसनीय नोंद मिळते ती एकदम १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील. याला केवळ आहार कारण होता असे कोणी म्हणणार नाही. चित्त्याच्या मादीला एकांत लागतो आणि नराची निवड ती स्वतः करते, हे आता कळले आहे. परंतु परिणाम असा झाला की चित्तेखान्यात रिकामी होणारी प्रत्येक जागा रानातून पकडलेल्या चित्त्यानेच भरावी लागली, आणि शतकानुशतके रान उपसले गेले. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. रानांची तोड आणि बंदुका यांच्याबरोबर चित्तेखान्यांनाही या नाशाचा वाटा स्वीकारावा लागेल.

युरोपातही प्रारंभी हाच प्रकार होता. फरक इतकाच की तेथे शेरांच्या जागी पेनींचा हिशेब दिसतो. लंडनच्या टॉवर किल्ल्यातील राजाच्या प्राणिसंग्रहात १२५२ साली नॉर्वेच्या राजाकडून एक पांढरे अस्वल नजराणा म्हणून आले, तेव्हा तिसऱ्या हेन्रीने त्याच्या पोषणासाठी रोज चार पेन्स देण्याचे फर्मान लंडनच्या अधिकाऱ्यांवर काढले. पुढे त्या अस्वलाला तोंडाला मुसके, पायात साखळी आणि एक लांब मजबूत दोर पुरवण्याचा हुकूम निघाला, आणि ते टेम्स नदीत उतरून स्वतः मासे धरू लागले. हेतू उघडच खर्च वाचवण्याचा असला तरी त्या संग्रहातल्या कोणत्याही श्वापदापेक्षा ते अस्वल अधिक योग्य अन्न अधिक योग्य रीतीने खात होते, असे आज म्हणावे लागते. अठराव्या शतकात त्याच टॉवरमध्ये प्रेक्षकाने तीन हाफपेन्स तरी द्यावेत किंवा सिंहांना टाकण्यासाठी एखादे कुत्रे वा मांजर तरी आणावे, असा रिवाज पडला होता. खाऊ घालणे ही राजाची जबाबदारी होती ती प्रेक्षकाची करमणूक झाली, याची ही खूण आहे.

एकोणिसाव्या शतकात लोकांसाठी बागा निघाल्या तेव्हा ही करमणूक सार्वत्रिक झाली. लंडनची प्राणिशास्त्रीय बाग १८२८ साली सुरू झाली, आणि तेथील अस्वलांच्या खड्ड्यात उभारलेल्या खांबावर अस्वल चढून यावे म्हणून काठीच्या टोकाला पाव लावून धरणे हा लंडनकरांचा आवडता खेळ झाला. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली आणि पुढे तेथे प्राण्यांचा संग्रह वाढला. मुलांचा हात धरून बागेत गेलेल्या कित्येक पिढ्यांनी हत्तीच्या सोंडेत केळी दिली, माकडांकडे शेंगा आणि फुटाणे टाकले, आणि आपण भूतदयेचे कृत्य केले अशा समाधानाने त्या घरी परतल्या. त्या समाधानात खोटेपणा मुळीच नव्हता. पण सुटीच्या दिवशी शेकडो हातांनी दिलेले दाणे, गोड पदार्थ आणि त्यांबरोबर गिळले गेलेले कागद एकाच पोटात जात होते, हे देणाऱ्या एकेकट्या माणसाला दिसणे शक्य नव्हते.

‘काय’ हा प्रश्न प्रथम खऱ्या गांभीर्याने उभा राहिला तो सिंहाच्या बछड्यांच्या शवांवरून. लंडनच्या बागेत सिंहिणी वेळोवेळी वीत, पण त्यांची पिले दूध सुटताच लंगडू लागत, त्यांचे पाय वाकत, कणा लचके, आणि थोड्याच काळात ती दगावत. वीसांहून अधिक वेतांची अशी वाताहत झाली होती. मिडलसेक्स रुग्णालयातील जॉन ब्लँड-सटन हा तरुण शल्यविद्याविशारद बागेतील मृत प्राण्यांचे विच्छेदन करीत असे. त्याने ओळखले की हा मुडदूसच आहे, लंडनच्या कोंदट गल्ल्यांतील गरिबांच्या मुलांना होतो तोच. बछड्यांना मिळे ते म्हाताऱ्या घोड्यांचे चरबीरहित मांस. घोड्याची हाडे इतकी जाड की कोवळ्या दातांना ती फुटत नसत, त्यामुळे पिलांच्या पोटात जाई तो निव्वळ मांसल भाग. त्याने त्याच अन्नात कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल घालण्यास सांगितले. जागा तीच, पिंजरा तोच, हवा तीच राहिली. आणि तीन महिन्यांच्या आत रोगाची लक्षणे मावळून बछडे वाढीस लागले. हे वृत्त १८८९ साली प्रसिद्ध झाले. ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागण्यास त्यानंतर आणखी तीस-बत्तीस वर्षे लागली, म्हणजे मानवाच्या मुलांवरील उपचाराची एक दिशा सिंहाच्या पिलांनी आधीच दाखवून दिली होती.

या घटनेचा बोध असा की वाघ-सिंह मांस खातात हे आपले विधानच अपुरे आहे. ते प्राणी खातात. रानातील वाघ सांबर मारतो तेव्हा तो मांसाबरोबर काळीज, यकृत, चरबी, रक्त, कोवळी हाडे, कातडे आणि केस यांचाही भाग खातो, आणि या प्रत्येकातून त्याच्या देहाला काही निराळे मिळते. नुसत्या मांसपेशीत कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट फॉस्फरस असतो, आणि वाढत्या हाडांना तर ही दोन द्रव्ये जवळजवळ सम प्रमाणात लागतात. म्हणून उत्तमोत्तम मांसाचे ढीग समोर असूनही बछड्याची हाडे आतून पोकळ होत जातात. मार्जारकुलातील प्राण्यांना वनस्पतींतील पिवळ्या रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करता येत नाही, ते त्यांना यकृतातूनच मिळवावे लागते. आणि टॉरिन नावाचे द्रव्य अन्नात कमी पडले तर मांजराची दृष्टी आणि पुढे हृदयही निकामी होते, हे तर १९७५ नंतरच्या संशोधनाने कळले. खाटकाने धन्याचा मान राखून उत्तम म्हणून निवडून दिलेला गर हा हिंस्र श्वापदाच्या दृष्टीने अन्नाचा सर्वांत निकृष्ट भाग असू शकतो, ही गोष्ट शतकानुशतके कोणाच्याही ध्यानी आली नाही.

हाडे आणखीही साक्ष देत होती. १९१७ साली नेड हॉलिस्टर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टनच्या बागेत वाढलेल्या पूर्व आफ्रिकेतील सिंहांच्या कवट्या त्याच प्रदेशातील रानटी सिंहांच्या कवट्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा बागेतल्या कवट्या रुंद आणि आखूड झालेल्या आढळल्या. रानातील सिंह भक्ष्य ओढतो, फाडतो, चावून तोडतो. त्या श्रमाने जबड्याचे आणि मानेचे स्नायू कवटीला ताण देऊन तिची घडण करतात. ज्याच्या पुढे तयार तुकडा येऊन पडतो त्याच्या कवटीला ती घडण लाभत नाही. एकाच जातीचा, एकाच मुलखात जन्मलेला प्राणी केवळ जीवनक्रमाच्या फरकाने, एका आयुष्यात, अस्थींपर्यंत बदलतो, हे या तुलनेने सिद्ध झाले.

याच सुमारास, किंबहुना थोडे आधीच, आपल्या देशात एका माणसाने जे कार्य केले त्याचा योग्य तो गौरव अजून झालेला नाही. कलकत्त्याची अलीपूरची बाग १८७६ साली सुरू झाली आणि काही वर्षांतच तिची व्यवस्था रामब्रह्म सान्याल यांच्याकडे आली. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडावे लागलेला हा बंगाली गृहस्थ त्या बागेचा पहिला भारतीय अधीक्षक झाला, आणि १८९२ साली त्याने बंगालच्या हवेत बंदिवासातील प्राणी कसे सांभाळावेत यावर एक मोठा ग्रंथ सिद्ध केला, ज्यात २४१ प्रकारचे सस्तन प्राणी आणि ४०२ प्रकारचे पक्षी यांची माहिती आहे. तो प्राणी कोठला, त्याला निवारा कसा द्यावा, खाऊ काय घालावे, आजारी पडल्यास काय करावे, प्रवासात कसे न्यावे, हे त्यात वर्षानुवर्षांच्या प्रत्यक्ष पाहणीवरून लिहिलेले आहे. आणि या पाहणीचे मोल युरोपातील विद्वानांनीही जाणले. सान्याल यांचा विशेष असा की त्यांनी नेमणुकीचे कोष्टक लिहून लेखणी खाली ठेवली नाही; त्या शिध्यावर तो जीव किती काळ जगला, कशाने मेला, त्याने पुढे तोंडात काय घेतले नाही, हेही त्यांनी टिपून ठेवले. कारकुनी नोंदीचे शास्त्रीय नोंदीत रूपांतर होते ते अशा ठिकाणी. त्यांच्याच देखरेखीत १८८९ साली अलीपूरला सुमात्रा जातीच्या दोन शिंगांच्या गेंड्याचे पिलू जन्माला आले; तसा जन्म बंदिवासात पुन्हा होण्यास तब्बल ११२ वर्षे जावी लागली.

ही ११२ वर्षे कशी गेली ते सांगण्यासारखे आहे. १९८० च्या दशकापासून पुढील काही वर्षांत नामशेष होत चाललेल्या या गेंड्याची वंशवृद्धी करावी म्हणून सात गेंडे अमेरिकेत नेण्यात आले आणि तेथील इतर गेंड्यांप्रमाणे त्यांना उत्तम प्रतीचे वाळलेले गवत घातले गेले. एकामागून एक गेंडा मरत जाऊन अखेरीस तीनच उरले. सिनसिनाटीच्या बागेतील इपुह नावाचा नर तर उठूही शकेना, अशा अवस्थेत कॅलिफोर्नियातून वड-उंबराच्या कुळातील झाडांच्या हिरव्या फांद्या मागवून त्याच्यापुढे टाकण्यात आल्या, आणि मरणोन्मुख इपुह तो पाला खाऊ लागला. हा गेंडा गवताळ माळावर चरणारा नसून घनदाट अरण्यातला पाला ओरबाडणारा आहे, ही साधी गोष्ट त्याच्या जिवावर बेतेपर्यंत कोणी जोखली नव्हती. पुढे याच इपुहच्या पोटी २००१ साली सिनसिनाटीला पिलू जन्मले. एखाद्या प्राण्याला ‘गेंडा’ या वर्गात घालून वर्गाचा शिधा त्याच्यापुढे ठेवणे आणि त्या प्राण्याने आपल्या रानात काय खाल्ले असते हे पाहणे, या दोहोंतील अंतर म्हणजे मृत्यू आणि वंशवृद्धी यांतील अंतर ठरले.

सान्यालांच्या पद्धतीला प्रयोगशाळेचे बळ मिळाले ते फिलाडेल्फियात. तेथील बागेशी जोडलेली विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा १९०१ साली स्थापन झाली. बागेत मेलेल्या प्राण्याचे विच्छेदन करून कारण नोंदण्याचा परिपाठ तेथे पडला, आणि हर्बर्ट फॉक्स यांनी १९२३ साली त्या नोंदींवरून बंदिवासातील प्राण्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच प्रयोगशाळेतील हर्बर्ट रॅटक्लिफ यांनी १९३५ पासून निरनिराळ्या प्राणिगटांसाठी धान्य, दूधभुकटी, मांस, भाजीपाला आणि क्षार यांची प्रमाणबद्ध मिश्रणे तयार करून प्राण्यांना नियमाने देण्यास आरंभ केला. प्राण्याने आवडीचा पदार्थ निवडून खावा आणि बाकीचे टाकून द्यावे, ही शक्यताच या मिश्रणात उरली नाही. कुपोषणाने होणारे मृत्यू घटले आणि आयुर्मान वाढले. मांस आणि फळे यांच्या राशींनी न साधलेली गोष्ट तोलून-मापून केलेल्या एका साध्या गोळ्याने साधली.

पण तयार खाद्यावर विसंबण्यातही धोका होता, आणि तो उघड केला चित्त्यानेच. अमेरिकेतील बागांमधले चित्ते वांझ राहतात आणि त्यांची यकृते बिघडतात, याचा छडा लावताना सिनसिनाटी येथील संशोधकांना १९८७ साली असे दिसले की मार्जारकुलासाठी बनवलेल्या तयार खाद्यात सोयाबीन मिसळलेले असून त्यातील द्रव्ये स्त्रीसंप्रेरकासारखी वागतात, आणि चित्त्याच्या यकृताला ती निकामी करता येत नाहीत. खाद्य बदलल्यावर यकृताच्या तक्रारी कमी झाल्या. तसेच १९३० च्या दशकात मिनेसोटातील कोल्हे पाळणाऱ्यांच्या अनुभवावरून असे कळले होते की कित्येक जातींच्या कच्च्या माशांत थायमिन या जीवनसत्त्वाचा नाश करणारा घटक असतो. आज मासे खाणाऱ्या सील, पेंग्विन यांसारख्या प्राण्यांना बर्फातील माशांच्या पोटात जीवनसत्त्वाची गोळी घालून देतात ती या ज्ञानामुळेच. शिवडीच्या खाडीत पाहणाऱ्यांचे डोळे निववणारा रोहित पक्षी बागेत काही काळाने पांढुरका पडे, कारण त्याची लाली चिखलातील सूक्ष्म जीवांकडून आलेली असते. ती रंगद्रव्ये खाद्यात मिसळल्यावरच बागेतील रोहित पुन्हा तांबूस झाले.

आता ‘कसे’ हा प्रश्न. स्वित्झर्लंडमधील हायनी हेडिगर यांनी १९४२ साली बंदिवासातील वन्य प्राण्यांवर ग्रंथ लिहिला आणि बाझेल व झुरिक येथील बागा चालवताना हे प्रतिपादन केले की प्राण्याला केवळ पोषण नव्हे तर उद्योग हवा, आणि रानात त्याचा मुख्य उद्योग अन्नाचा शोध हाच असतो. ज्या अस्वलाचा सारा दिवस मुळे उकरण्यात, वारुळे फोडण्यात आणि मध शोधण्यात जातो, त्याला एका ताटलीत दहा मिनिटांत संपणारे जेवण दिले तर उरलेला दिवस ते गजांपाशी येरझारा घालण्यात काढते. म्हणून आता चांगल्या बागांत खाद्य लपवतात, फांद्यांवर उंच टांगतात, लाकडाच्या भोकांत भरतात. मार्जारकुलाला हाडासकट मोठा भाग देतात. आणि आठवड्यातून एक दिवस त्याला उपाशी ठेवतात, कारण रानातला वाघ रोज जेवत नाही. अकबराच्या चित्तेखान्यातला अखंड तुकडा आणि रविवारचा लंघनाचा दिवस यांचे हितकारकत्व निराळ्या कारणांनी आलेले असले तरी ते खरेच होते, हे आता शास्त्राने सांगितले.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, त्यानुसार १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि प्रेक्षकाने प्राण्याला खाऊ घालणे हा कायद्याने निषिद्ध प्रकार ठरला. हा निर्बंध ज्यांना कठोर वाटतो त्यांनी वरील इतिहास मनात आणावा. येथील प्रत्येक नियमामागे मेलेल्या प्राण्यांची एक रांग आहे: कुटलेल्या हाडांच्या नियमामागे लंडनचे बछडे आहेत, हिरव्या पाल्याच्या नियमामागे ते चार गेंडे आहेत, तयार खाद्याच्या चौकशीमागे वांझ राहिलेले चित्ते आहेत. हे ज्ञान इतक्या मोलाने मिळालेले असल्यामुळे दोन कर्तव्ये आपल्याकडे येतात. पहिले असे की प्रत्येक बागेने आपल्या शिध्याच्या, आजारांच्या आणि मृत्यूंच्या नोंदी सान्यालांच्या निष्ठेने ठेवाव्यात आणि त्या लोकांपुढे उघड कराव्यात, म्हणजे एका बागेतल्या मृत्यूने शिकवलेला धडा दुसऱ्या बागेला पुन्हा मृत्यूच्याच मोलाने शिकावा लागणार नाही. दुसरे असे की नवा प्राणी आणण्याचा विचार होईल तेव्हा त्याच्या पिंजऱ्याचा आराखडा आणि तिकिटांचा अंदाज यांच्या आधी त्याच्या अन्नाचा प्रश्न सुटलेला असावा: तो रानात काय खातो, ते येथे बारमाही मिळेल काय, आणि ते शोधून खाण्याचे श्रम त्याला येथे करता येतील काय. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी नसतील तर तो प्राणी कितीही मनोहर असला, त्याच्या दर्शनाला कितीही गर्दी लोटणार असली, तरी त्याला न आणण्यातच त्याच्यावरचे आपले प्रेम आणि आपली जबाबदारीची जाणीव दिसून येईल.